नुसती चव

"काल काय खाल्लंत?" एक्स-रेवाल्यानं विचारलं.

"कणसुद्धा नाही," टेबलावरून आमचे हे म्हणाले. अंगात पाठीवर उघडा झगा, पण आवाज न्यायाधीशाचा.

"मग आतड्यात हे काय भरलंय? औषध घालायच्या आधीच्या फोटोत दिसतंय. उठा. पोट नीट साफ करून पुन्हा या."

अर्धवट लोटलेल्या दाराबाहेर बाकावर बसून मी ऐकत होते. डोक्याला हात लावला. आदला अख्खा दिवस मी यांना पाणी आणि गाळलेलं सूप यांवर ठेवलं होतं. वर जुलाबाची पूड. संडासाच्या दाराशी तांब्या घेऊन उभी राहून कंटाळले, तेव्हा तोंडात आपोआप आलं होतं,

पोटोबा रे पोटोबा, किती पुरवू तुझे लाड
आजच्या दिवस राजा, उघड सारी कवाडं

आणि कवाडांमागे हे!

बसमध्ये बसताच विचारलं, "खरं सांगा. काल कामावर जाऊन काय केलंत?"

"काय करणार? स्वयंपाक." हे कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य आचारी.

"आणि?"

"आणि चव बघितली. चव म्हणजे खाणं नव्हे, अगं! तळहातावर थेंबभर."

"हत्तीला लागतो तेवढा थेंब! किती पातेल्यांतला?"

"सगळ्याच. न चाखता वाढू? लोक जेवतात तिथे."

थोरल्या दिरांना असंच संडासावाटे रक्त पडायचं. ते लपवत राहिले, आणि कळलं तेव्हा वेळ निघून गेली होती. आता यांना रक्त पडतंय, आणि या माणसाला रश्श्याची काळजी.

पुढच्या खेपेला मी रजाच घ्यायला लावली. पळ्या, डाव, चमचे कपाटात कोंडून किल्ली कमरेला खोचली. मुलीपुरतं शिजवत होते, तर बाहेरून आवाज, "कांदा करपतोय. आणि मीठ विसरलीस."

"मिठाला वास येतो?"

"मला येतो."

मीठ खरंच विसरले होते. राग त्याचाच जास्त आला.

सकाळी दवाखान्यात सिस्टरनं एनिमा दिला. हे भिंतीला धरत परत आले, ते पिळून वाळत घातलेल्या कापडासारखे. माझ्याशेजारी टेकले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "मागच्या वेळी परत पाठवलं ना, मला बरं वाटलं होतं. दादाचा फोटो आला तेव्हा डॉक्टर आमच्याकडे बघेचनात. मला ते पुन्हा बघायचं नव्हतं."

जिभेवर आलेली शिवी मी गिळली. झग्याची सुटलेली नाडी बांधून दिली.

आत नळीनं पांढरं औषध सोडलं, मागून हवा. दारातून ऐकू येत होतं.

"डाव्या कुशीवर. आता पालथे. श्वास रोखा. सोडा!"

"काय सोडू?" रडवेला आवाज.

"श्वास, काका! बाकी सगळं धरून ठेवा!"

डॉक्टरबाईंनी फोटो उजेडावर धरले. मी फोटो बघितलेच नाहीत, बाईंचे डोळे बघत राहिले. त्या वळल्या आणि सरळ यांच्याकडे बघून म्हणाल्या, "आतडं स्वच्छ दिसतंय यावेळी. गाठ कुठेही नाही. भिंतीला बारीक पिशव्या झाल्यात, रक्त त्यांतलंच असावं. औषध देते. पाणी भरपूर प्या. एक-दोन दिवस संडासाला पांढरं होईल, घाबरायचं नाही."

घरी आल्यावर भात लावला, रस्सा केला. यांनी ताट चाटूनपुसून खाल्लं. मग मी पहिला घास घेतला.

"अहो! यात मीठच नाही!"

"असं?" हे पाण्याचा पेला शोधू लागले. "मला नाही कळलं."

"मेलं खोटं बोलणं काही सुटत नाही तुमचं," मी म्हणाले, आणि डोळे पुसत पुसत यांना आणखी वाढलं.