पागोट्यासकट देहाबाहेर

पळसदरीच्या धर्मशाळेपुढे त्या रविवारी इतकी गर्दी होती की बैलगाड्या सोडायला जागा उरली नव्हती. अधरानंद महाराज जिवंत माणसाला देहाबाहेर काढून पुन्हा आत घालत होते.

"देह म्हणजे सदरा! काढायचा, खुंटीला टांगायचा, फिरून यायचं, परत घालायचा. बटणं आम्ही लावून देतो!" महाराज म्हणत आणि लोक जयजयकार करत.

मी कडावच्या शाळेचा हेडमास्तर. महाराजांचं ढोंग उघडं पाडायला गेलो होतो. बायकोला तसं बजावून, काखेत वही मारून.

दारातच शिष्याने माझं पागोटं उतरवून बाहेरच्या खुंटीला अडकवलं. आत खोली बंद, मधोमध धुनी. "श्वास ओढ, जोरात, आणखी जोरात!" महाराज म्हणाले. हळूहळू जीभ कोरडी पडली, हातपाय परके झाले आणि मी उचलला गेलो. भीती अजिबात नव्हती. आढ्यापाशी हलकाफूल तरंगत होतो आणि खाली पागोटं घातलेला एक गृहस्थ मांडी घालून बसला होता. तो मीच! मला त्याची दया आली. एरवी स्वतःचा मला अभिमानच वाटतो.

बाहेर आल्यावर मी ओट्यावर उभं राहून महाराजांच्या बाजूने तासभर व्याख्यान ठोकलं. दुसऱ्या दिवशी पुस्तकातली अक्षरं दिसेनात, तेव्हा वर्गाला सांगितलं, "दिव्यदृष्टी आली की जवळचं दिसत नाही."

हे शेजारच्या जनीच्या कानावर गेलं. तिची सात वर्षांची मुलगी गेल्या वर्षी तापाने गेली होती.

"मास्तर, माजी पोर दिसंल का वो मला?"

"दिसेल," मी म्हणालो आणि मीच तिला घेऊन गेलो.

ती तीनदा धुनीपाशी बसली. तिसऱ्यांदा बाहेर आली ती मला ओळखेना. हवेतून काहीतरी वेचत होती, अंग तव्यासारखं तापलेलं. महाराज म्हणाले, "पोरीबरोबर रमलीय. येईल परत." मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आजही लाज वाटते.

मोळी विकायला आलेली ठकी ठाकरीण गर्दीतून पुढे झाली. ती कुणालाच अहोजाहो करत नसे.

"हिची बुबुलं बघ रं मास्तर, केवढी झालीत! धोतऱ्याचा धूर घेतलाय हिनं."

ती थेट आत गेली आणि धुनीजवळची झोळी आणून सगळ्यांपुढे उलटी केली. बियांचा ढीग पडला.

"हे कैलासबीज आहे!" महाराज ओरडले.

"मंग खा मूठभर."

महाराजांना एकाएकी उपास आठवला.

जनीला गाडीत घालून आम्ही कर्जतला डॉक्टर गुप्त्यांकडे नेलं. दोन दिवसांनी ती शुद्धीवर आली. तोवर महाराज देहासकट निघून गेले होते.

मी मात्र डॉक्टरांशी अजून हुज्जत घालत होतो. "धोतरा असेल, पण मी स्वतःला वरून पाहिलं!"

"वरून? मग टक्कल दिसलं असेल."

"छे, डोक्यावर पागोटं होतं."

"आणि पागोटं कुठे होतं?"

"बाहेर, खुंटीला," मी बोलून गेलो आणि माझा हात डोक्यावरच्या पागोट्याकडे गेला.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "त्या धुराने आणि जोरजोरात श्वास ओढल्याने मेंदू गोंधळतो. आपलं अंग कुठे आहे, ते त्याला कळेनासं होतं. मग तो आठवणीतून चित्र रचतो. तुम्ही आरशात स्वतःला पागोट्यातच पाहता, म्हणून पागोटं दिसलं."

खाटेवरून जनी सगळं ऐकत होती. "मंग माजी पोर दिसली ती?"

"तुझ्या आठवणीतली दिसली, जनी," डॉक्टर म्हणाले.

ती खाटेवर उठून बसली. मग म्हणाली, "तिला बघाया धूर कशाला पायजे मग?"

वाचकहो, मला जे वाटलं ते खरोखर वाटलं होतं. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे, मग वाटणारा हेडमास्तर का असेना. असं काही अनुभवाला आलं, तर ओट्यावर चढण्याआधी एवढं विचारा: धुनीत काय जळत होतं? मी ते विचारलं नाही, आणि किंमत जनीने मोजली.