म्होरक्याच्या गळ्यातली मुकी घंटा

मित्रांनो, मी एक जुनी काशाची घंटा आहे. देवळातली नव्हे हो, मेंढ्याच्या गळ्यातली. देवळातली घंटा येणारा-जाणारा कुणीही बडवतो आणि पुढे जातो. माझं तसं नाही. मेंढा चालला की मी बोलायचे, तो थांबला की थांबायचे, आणि माझं बोलणं ऐकायला एक माणूस कायम कान लावून बसलेला असायचा.

जुन्नरच्या एका ओताऱ्याने मला घडवलं. कुशाबा मेंढक्याच्या घरी काशाचं ताट फुटलं होतं. फुटकं भांडं घरात ठेवू नये म्हणतात, पण काशाचं टाकून द्यायला कुणाचा जीव होतो? कुशाबाने ते तुकडे ओताऱ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "ह्याची घंटा वत. आवाज आसा काढ, का मेंढरू मुंडी खाली घालून चरलं तरी मला कळाया पायजे." ओताऱ्याने मन लावून काम केलं. कुशाबाच्या आळे गावच्या शिवारात मी पहिल्यांदा वाजले तेव्हा दोन शेतं पलीकडचा माणूस वळून बघू लागला होता. मी थोडी फुशारकी मारते आहे, पण खोटं सांगत नाही.

मला कळपाच्या म्होरक्याच्या गळ्यात बांधलं. म्होरक्या म्हणजे सगळ्यांच्या पुढे चालणारा मेंढा. तो जिकडे, तिकडे बाकीची मेंढरं. कुशाबाच्या मागे त्याचा मुलगा सोनबा कळप राखू लागला. दिवाळी झाली की आम्ही माळशेज घाट उतरून कोकणात जायचो आणि पावसाच्या आधी परत यायचो. म्होरके बदलले. त्यांच्या गळ्यात मी मात्र तीच राहिले.

सोनबाला माझी भाषा पाठ होती. चरताना मी तुटक वाजते, चालताना एका लयीत. रवंथ चालू असला की मधूनच एखादा टोल. आणि मेंढा भ्याला की मी जी वाजते, ती ऐकून सोनबा हातातला घास टाकून उठायचा. तुम्हाला वाटेल, मेंढ्या ओरडतील की. नाही हो. शेळी ओरडते. मेंढरू भ्यालं की गप होतं आणि एकमेकांत घुसतं. त्यांच्या वतीने ओरडायला मीच होते.

सोनबाच्या घरात एक रीत होती. म्होरक्या मेला, तर घंटेला फडकं गुंडाळून ठेवायचं. नवा म्होरक्या ठरेपर्यंत ती वाजू द्यायची नाही. जित्या मेंढ्याच्या घंटेला कुणी फडकं लावत नसे. ही रीत नीट लक्षात ठेवा, मित्रांनो.

दिवस बदलले. दोनशे मेंढ्यांच्या अठरा राहिल्या. सोनबाचा मुलगा जालिंदर पिकअप चालवू लागला. नारायणगावहून टोमॅटो भरून दूरदूर जायचा, आठ-आठ दिवस घरी नसायचा. कोकणात जाणं सुटलं. सोनबाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, ऑपरेशनला तो तयार होईना. "मला काय बगायचंय? घंटा हाय की," असं म्हणायचा. तेव्हा मला केवढा अभिमान वाटायचा!

मग टाळेबंदी लागली आणि जालिंदरची मुलगी निर्मला पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आली. ती हिंजवडीला एका कंपनीत इंजिनिअर. घरात मोबाईलची रेंज एक काडी. मेंढवाड्याला लागून मागची पडवी होती, तिथे तीन काड्या. झालं, तिचं ऑफिस माझ्या शेजारीच थाटलं. शिवणयंत्राच्या टेबलावर लॅपटॉप, कानाला मोठाले हेडफोन. तिचे साहेब सुनील सर. हेडफोनमधून झिरपणारा त्यांचा आवाज मी पहिल्याच आठवड्यात ओळखू लागले.

एक दिवस निर्मला परदेशातल्या लोकांना काहीतरी समजावून सांगत होती. म्होरक्याने अंग झाडलं आणि मी खणाणले. तिच्या ऑफिसातलं कुणीतरी म्हणालं, "आरती होऊ दे, मग बोलू आपण." सगळे हसले. निर्मलाही हसली. पण नंतर सुनील सरांनी तिला एकटीला फोन केला. "निर्मला, गावी राहा, काही हरकत नाही. फक्त मागचा तो आवाज तेवढा बघ. क्लायंटसमोर बरं दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता निर्मला मेंढवाड्यात आली. सोनबा जेवून आत आडवा झाला होता. तिने जुन्या ओढणीची चिंधी फाडली, माझ्या लोलकाला घट्ट गुंडाळली आणि म्होरक्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "पाच वाजेपतूर गप ऱ्हा बाई. आबा उठायच्या आत सोडते."

पाच वाजता तिने सोडलंही. त्यानंतर रोज दोनला बांधायची, पाचला सोडायची. इतकी वर्षं एकदाही चुकली नाही, तिचं पाप कशाला घेऊ? पण मला काय वाटायचं ते सांगते. रोज दुपारी जित्या मेंढ्याच्या गळ्यात मी मेल्यासारखी लटकायचे. हलायचे पण बोलता यायचं नाही. आणि आतल्या खोलीत म्हातारा माझ्या भरवशावर झोपलेला असायचा. निर्मलाने त्याला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. सांगितलं तर तो नाही म्हणेल, ही तिला भीती.

गेल्या साली दिवाळीनंतर कंपनीचा हुकूम निघाला, सगळ्यांनी ऑफिसला यायचं. निर्मलाने अर्ज केला. "आबांना दिसत न्हाई, वडील गाडीवर, आई एकटी. मी हितनंच काम करते," असं ती आई आशाला सांगत होती. आशा म्हणाली, "न्हाई ऐकलं तर?" निर्मला म्हणाली, "तर नोकरी सोडावी लागंल." अर्जाचा निकाल द्यायला एका गुरुवारी साडेचारला मीटिंग ठरली.

मीटिंग लांबली. पाच वाजले, साडेपाच झाले. मी वाट बघत होते. सोनबा उठला, पुढच्या अंगणात खाटेवर बसला. आशाने त्याला चहा दिला. घराच्या पलीकडून त्याचा आवाज आला, "म्होरक्या आज लई निवांत हाय गं. घंटा आजाबात न्हाई." आशा चुलीकडे गेली. सहा वाजले, उजेड विझत आला.

बिबट्या घराशेजारच्या उसातून आला. कुत्रं त्याने आदल्या साली नेलं होतं, त्यामुळे भुंकायला कुणी नव्हतं. मेंढ्या गप झाल्या आणि कोपऱ्यात एकमेकींत घुसल्या. म्होरक्या पुढे होता. त्याने मान झाडली, पाय आपटले, मी जीव तोडून हलले. चिंधीत लोलक नुसता थप थप होत राहिला. वीस पावलांवर निर्मला पाठमोरी बसली होती, कानाला हेडफोन. आणि मित्रांनो, अगदी त्याच वेळी मी सुनील सरांचं बोलणं ऐकलं. हेडफोनची पिन निसटली होती आणि आवाज लॅपटॉपमधून मोठ्याने येत होता. "तुझा अर्ज मंजूर झाला, निर्मला. तुझ्याकडे अगदी ऑफिससारखी शांतता असते, हे मी स्वतः वर सांगितलं."

मग मला मातीवरून ओढत नेलं. उसाच्या बुडख्यात अडकून पट्टा तुटला आणि मी सरीत पडले. म्होरक्या पुढे गेला. त्याचं काय झालं हे मी सांगणार नाही.

थाळ्या बडवत, आरडाओरडा करत माणसं आली. बांधाजवळ लोकर आणि रक्त दिसलं. उसात शिरायची कुणाची छाती झाली नाही, आणि शहाणा माणूस शिरतही नाही. मी सहा-सात सऱ्या आत होते. मला सगळ्यांचे आवाज ऐकू येत होते. एक टोल दिला असता तरी सापडले असते. आशा म्हणाली, "घंटा कशी वाजली न्हाई?" कुणीतरी म्हणालं, "पयल्या झटक्यालाच नरडं धरलं आसंल." निर्मला पाठ फिरवून घराकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सांजेला बांधावर काठीचा आवाज आला. सोनबा होता. त्याने कान लावला आणि मागे आलेल्या आशाला म्हणाला, "वाजतीया बग. आत हाय. घंटा वाजतीया म्हंजी म्होरक्या जित्ता हाय."

माझ्या अंगावर काटा आला. मी कुठे वाजत होते? माझ्या तोंडात चिंधी होती.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. चौथ्या दिवशीही. म्होरक्याला हाक मारायचा, थांबायचा, मान वाकडी करून ऐकायचा आणि खुशीत म्हणायचा, "आली, आली ऐकू." वनखात्याने पिंजरा लावला होता, बिबट्या त्यात गेला नव्हता. आशाने म्हाताऱ्याला रागावून बघितलं, रडून बघितलं. जालिंदरने फोनवरून शपथ घातली. सोनबा ऐकेना. रोज तो थोडा पुढे यायचा. आधी बांध, मग पहिली सरी, मग दुसरी. निर्मला रोज त्याच्या मागे यायची, त्याला धरून परत न्यायची. तिच्या ओठांवर शब्द यायचा आणि ती गिळायची, हे मला तिच्या श्वासावरून कळायचं. अगं बाई, बोल एकदाचं, असं मला ओरडावंसं वाटायचं.

नवव्या दिवशी बिबट्या तिथेच होता. माझ्यापासून चार सऱ्यांवर, पोट जमिनीला लावून बसलेला. सोनबा काठी टेकत वाकून तिसऱ्या सरीत शिरला. वाकलेलं माणूस बिबट्याला जनावरच वाटतं, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. बिबट्याची शेपटी हलली. मी तिथे होते, मला दिसत होतं, आणि मी पुन्हा मुकी होते.

"आबा!" निर्मला मागून धावत आली. "आबा, थांबा. ती वाजत न्हाई. ती वाजूच शकत न्हाई."

सोनबा म्हणाला, "मला येतीया ऐकू."

"मी बांधली व्हती तिला." ती मोठमोठ्याने रडायला लागली. "रोज दुपारी बांधत व्हते. मीटिंगमधी आवाज नको म्हनून. त्या दिवशी सोडायची ऱ्हायली. आबा, म्होरक्याला मी मारला. तुमी घरी चला."

म्हातारा सरळ उभा राहिला. पात्यांची सळसळ थांबली. तो म्हणाला, "रोज दुपारी?"

"रोज."

"मला मधीच जाग यायची," सोनबा हळू म्हणाला. "कान लावायचो. घंटा न्हाई. म्या म्हनलं, डोळं गेलं, आता कानबी गेलं. कुनाला बोललो न्हाई. लाज वाटायची. त्या सांजंला घंटा वाजली आसंल, मलाच ऐकू आली न्हाई, म्हनून म्होरक्या गेला, आसंच धरून बसलो व्हतो गं मी."

निर्मला त्याच्या पायाशी बसून हमसून हमसून रडली. त्या आवाजाने बिबट्या उठला आणि पलीकडच्या अंगाने निघून गेला. त्या दोघांना हे कधीच कळलं नाही. सोनबाने तिला उठवलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून बांधाकडे वळला. पण जाताना थांबला आणि विचारलं, "मग आठ दिवस मी काय ऐकतुया?" निर्मलाने त्याची काठी बांधावर टेकवून दिली. 

पौषात ऊस तुटला आणि तोडकऱ्यांना मी सापडले. चिंधी कुजली होती. निर्मलाने ती स्वतः सोडली आणि मला नव्या म्होरक्याच्या गळ्यात बांधलं. त्याच दुपारी मी मीटिंगमध्ये वाजले. सुनील सर म्हणाले, "हा आवाज बंद होणार नसेल, तर मग ऑफिसला यावं लागेल." निर्मलाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "बंद नाही होणार, सर. मी येते," ती म्हणाली. सोमवारी पहाटे ती बॅग घेऊन आळेफाट्याला गेली. सोनबाने ऑपरेशनला जायचं कबूल केलं तेव्हाच तिने पाय उचलला.

आता सोनबाला थोडं दिसतं. तरी सांज झाली की तो अंगणातून ऊस तुटलेल्या रिकाम्या रानाकडे मान वाकडी करून बसतो. मी त्याच्या मागे, मेंढवाड्यात असते. मेंढा बसलेला असतो, मी जराही हलत नसते. आणि म्हातारा पुटपुटतो, "वाजतीया." मित्रांनो, माझ्यासारखी काशाची घंटासुद्धा तेव्हा भिते.

म्हणून तुम्हाला हात जोडून एकच सांगते. काम घरून करा, नाहीतर ऑफिसातून करा, मला त्यातलं काय कळतं? पण ज्याच्या आवाजावर विसंबून घरातलं कुणी डोळे मिटून पडतं, तो आवाज बंद करायची वेळ आली, तर आधी त्या माणसाला उठवा आणि सांगा. तो रागावेल, कदाचित नाही म्हणेल. म्हणू द्या. निदान तो आपल्याच कानांना दोष देत बसणार नाही.