पश्चिमेला दगूबाई

कळसाडीचा चुडामण नंदुरबारात घर घेतोय, ही बातमी गल्लीत त्याच्या आधीच पोचली होती. गल्ली बाजारपेठेच्या मागची. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की एकीला उलटं जावं लागे, एवढी तिची रुंदी. तेवढ्यात बोहरी, राजपूत, शिंपी, मोमीन, डोंगरातून उतरलेले भिल्ल, असे सगळे भिंतीला भिंत लावून राहत. एकाच्या फोडणीनं दुसऱ्याला ठसका लागे. भांडणं रोज व्हायची आणि संध्याकाळी विस्तव मागायला त्याच दारात जावं लागे, म्हणून ती फार टिकत नसत.

चुडामणला घर हवं होतं ते कापसापायी. तीन हिवाळे कापूस विकायला येऊन त्यानं जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकाबाहेर गाडीखाली झोपून काढले होते. "शहरमा आपलं एक दार जोयजे," असा त्याचा धोशा. त्याची बायको कौसाबाई हिला दारापेक्षा म्हशीची चिंता मोठी. घर पाहायला आली तेव्हा खोल्या तिनं येता-जाता पाहिल्या आणि थेट पश्चिमेच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. भिंतीला टेकून कुडाची एक झोपडी होती. "आठे म्हैस बांधसूत," ती म्हणाली. आत कोणी राहतं का, हे विचारायचं काही तिला सुचलं नाही.

राहत होती दगूबाई. डोंगरातल्या मोलगीकडून नवऱ्याबरोबर जिनात कामाला आली, नवरा पटकीनं गेला, बाई राहिली ती वीस वर्षं तिथंच. त्या तुकड्याचा कागद तिच्याकडे नव्हता. खरं सांगायचं तर कोणाकडेच नव्हता. घर विकणारे चुनीलाल शेठ तिला रोज पाहत, पण पाहणं आणि मोजणीत धरणं या दोन गोष्टी वेगळ्या असतात.

आता चुडामणच्या गावाकडची रीत अशी, की वावर घेतलं की चारी बांधांवरच्या शेजाऱ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. ज्यानं तो खाल्ला, त्याच्या बांधाला घेणाऱ्यानं पुढे हात लावायचा नाही. शहरात घर घेताना असलं काही करत नाहीत, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारावं इतका तो शहाणा नव्हता. दस्त व्हायच्या दिवशी सकाळी तो घरच्या उसाचा गूळ धोतराच्या सोग्यात बांधून गल्लीत हजर झाला.

पूर्वेला हसनअली बोहरी, लोखंडाचा दुकानदार. त्यानं हसत खडा तोंडात टाकला. उत्तरेला करणसिंग राजपूत, रेल्वेत नोकरीला. त्यानं दुसराही मागून घेतला. दक्षिणेला रस्ता; रस्त्याला गूळ खाता येत नाही, म्हणून तो खडा चुडामणनं स्वतःच खाल्ला. मग तो झोपडीच्या दाराशी वाकला.

"हाऊ गूळ कसाना?" दगूबाईनं हात पुढे न करताच विचारलं.

"मी घर लिधं. चारी बाजूना शेजारी खातस. पश्चिमनी तू."

बाईनं हात लुगड्याला पुसला आणि खडा घेतला.

दुपारी कचेरीत कारकुनानं दस्त वाचून दाखवला. "पूर्वेस हसनअली बोहरी यांचे घर, उत्तरेस करणसिंग राजपूत यांचे घर, दक्षिणेस सरकारी रस्ता, पश्चिमेस पडीत जागा."

"पडीत नही," चुडामण म्हणाला. "तठे दगूबाई शे."

चुनीलाल शेठनी त्याला दंडाला धरून व्हरांड्यात नेलं. "येडा व्हयना का? पडीत लिखेल शे ते तुन्हाच फायदानं शे. एक पावसाळा जाऊ दे, मंग कूड उपट आनि म्हैस बांध. कोन इचारी?"

चुडामण काही संत नव्हता. गेल्या वर्षीच त्यानं नांगर शेजाऱ्याच्या वावरात दोन सऱ्या पुढे सरकवला होता. पण त्याचं स्वतःचं ते वावर वडिलोपार्जित. त्याचा गूळ आजोबांनी वाटलेला, आणि आजोबा काही जाब विचारायला येणार नव्हते. इथला गूळ मात्र त्याच्या स्वतःच्या हातचा होता. म्हैस त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, कौसाबाईही उभी राहिली. त्याला स्वतःचाच राग आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आधी दस्त करून मग गूळ वाटला असता तर काय बिघडलं असतं?

तो आत गेला. "तिनी मन्हा हातना खडा खादा शे. बाईनं नाव लिखा."

"हे शेत नाही, पाटील," कारकून म्हणाला.

"शेत नही, पन बाई ते शे ना?"

शेठना सुरतेची गाडी गाठायची होती. त्यांनी कपाळाला हात लावला आणि खाडाखोडीपाशी सही करून टाकली.

संध्याकाळी हसनअलीनं दुकानाच्या पायरीवर बसून दस्त मोठ्यानं वाचला. खोडलेलंही वाचलं, वर लिहिलेलंही वाचलं: पश्चिमेस दगूबाई यांचे राहते घर. दगूबाईनं ती ओळ तीनदा वाचायला लावली. कुठल्याही कागदावर तिचं नाव यायची ही पहिलीच वेळ. चौथ्यांदा तिनं अक्षरांवर बोट ठेवलं आणि निघून गेली. उपकाराचा एक शब्द नाही. चुडामणला ते लागलं. कौसाबाई तर तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

वैशाखात कौलं शाकारायला चुडामण स्वतः छपरावर चढला. खाली दगूबाई येऊन उभी राहिली. नेहमी गल्लीच्या कडेनं जाणारी बाई आज अंगणाच्या मधोमध होती.

"भाऊ, तुन्हा छपरानं पानी मन्हा घरमा पडस. पावसाळाभर मी घमेलं ठेवस आनि रातभर उपसस. आते ते पानी तुन्हा आंगनमा वळाव."

चुडामणनं वरून पाहिलं. अंगण हाताएवढं, आणि त्यात पावसात कोरडा राहील असा एकच कोपरा. तिथं कौसाबाईची म्हैस बांधलेली. दारातून कौसाबाईही पाहत होती.

"किती वरीस व्हयनात पानी पडी ऱ्हायनं त्याले?"

"वीस."

"मंग चुनीलाल शेठले कधी सांगं नही?"

"कसं सांगू?" दगूबाई म्हणाली. "तवय मी पडीत व्हतू."

चुडामणनं हातातलं कौल खाली ठेवलं आणि कौसाबाईला म्हैस सोडायला सांगितलं.