सावलीचं माप

सासूबाईंच्या डोळ्यात थेंब घालायची पाळी आपल्यावर येईल असं लग्नाच्या वेळी कोणी सांगितलं असतं, तर जावयाने ते हसण्यावारी नेलं असतं. पण बायकोचं नोकरीतलं प्रशिक्षण नेमकं त्याच महिन्यात दुसऱ्या शहरात लागलं आणि सासूबाईंच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची तारीख काही पुढे ढकलता येईना. तेव्हा लिफ्ट दुरुस्त करणारे ते दोन राकट हात दिवसातून चार वेळा साबणाने चोळून धुतले जाऊ लागले आणि सासूबाईंच्या खुर्चीपाशी हजर होऊ लागले.

पहिल्या दिवशी दोघंही अवघडले. घराच्या पुढच्या खोलीत तीस वर्षं एकटीने शिवणाचं दुकान चालवलेली बाई. कोणापुढे मान वर करून गप्प बसायची त्यांना सवय नव्हती.

"जावईबापू, हात कापतोय तुमचा."

"तुम्ही डोळा मिटताय, आई."

"असं करू, आळीपाळीने घाबरू. तुमचं आता झालं."

पहिले दोन थेंब गालावर गेले. तिसरा डोळ्यात पडला.

पट्टी निघाल्यापासून सासूबाईंना सगळं लख्ख दिसत होतं, पांढऱ्यात नीळ जरा जास्तच पडल्यासारखं. पण उजव्या कडेला, कानाच्या बाजूला, चंद्रकोरीसारखी एक काळसर सावली उभी होती. कोणी शेजारी येऊन थांबलंय असं वाटून त्या सारख्या वळून बघायच्या. डॉक्टरबाईंनी डोळा तपासला आणि सांगितलं, काळजीचं काही नाही, नव्या भिंगाची अशी सावली काहींना दिसते, हळूहळू जाते. "मात्र ठिणग्या दिसल्या, काळे ठिपके एकदम वाढले किंवा पडदा ओढल्यासारखी सावली पसरायला लागली, तर तासभरसुद्धा थांबायचं नाही."

सासूबाईंनी ते वाक्य त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. गिऱ्हाईक 'जरा सैल ठेवा' म्हणालं की 'जरा म्हणजे किती बोटं?' असं विचारायची त्यांची रीत होती, तशाच त्या विचारत होत्या. ठिणग्या म्हणजे सतत की मधूनमधून? ठिपके किती झाले की जास्त म्हणायचे?

घरी येऊन त्यांनी कापड बेतायचा खाकी कागद जावयाकडून भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लावून घेतला. मधोमध डोळ्याच्या उंचीवर एक काळं बटण चिकटवलं. डावा डोळा तळव्याने झाकायचा, उजव्याने बटणाकडे एकटक बघायचं आणि खडू बटणापासून कडेकडे सरकवत न्यायचा. जिथे दिसेनासा होईल तिथे खूण. खुर्ची रोज त्याच फरशीवर, वेळ सकाळी सातची, प्रत्येक खुणेला तारीख.

जावयाला हे अतीच वाटलं. फोनवर तो बायकोला म्हणाला, "आई डोळ्याचं माप घेतायत."

"मग डोळ्याची बिघडायची टाप नाही," ती म्हणाली.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनीही जिन्यात त्याला ऐकवलं, मोतीबिंदूनंतर असं व्हायचंच, किती मनावर घ्यायचं. त्याने ते वर येऊन सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "लोक डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतात, मी औषध घालून ठेवतेय. त्यात काय बिघडलं?"

नवव्या दिवशी सकाळी साडेसातला तो थेंबांची बाटली घेऊन आला, तर सासूबाईंनी मान वर केली नाही.

"थांबा. आधी कागद बघा." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "सातपासून कडेला ठिणग्या उडतायत. डोळ्यापुढे दोऱ्याचे बारीक तुकडे उधळल्यासारखं झालंय. जुनी सावली आहे तिथेच आहे. ही नवी. नाकाच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात. ही सातची खूण, ही आत्ताची. अर्ध्या तासात दोन बोटं वर चढली."

जावयाने बाटली तशीच खाली ठेवली. त्याने दवाखान्यात फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, परवाची तुमची तारीख आहेच, नव्या भिंगाने सावली दिसते, घाबरू नका. आणि तो 'बरं' म्हणणार होता. खरोखरच म्हणणार होता. इतकं ते ऐकायला बरं वाटलं होतं.

सासूबाईंनी हात पुढे केला. त्याने फोन दिला.

"बाळ, तू म्हणतेस ती सावलीही आहे माझ्याकडे. नऊ दिवसांत ती जागची हललेली नाही. ही दुसरी आहे, नाकाकडून, खालून वर येतेय, आणि ठिणग्या आहेत. असं झालं तर तासभर थांबू नका हे तुमच्याच डॉक्टरांचं सांगणं आहे. आम्ही निघालोय, वीस मिनिटांत पोचू. एवढं त्यांच्या कानावर घाल."

भांडण नाही, आवाज चढवणं नाही. फोन ठेवून त्यांनी कागद उतरवून गुंडाळायला सांगितला. बाहेर पडताना म्हणाल्या, "सकाळपासून पोटात पाणीसुद्धा घेतलेलं नाही. ऑपरेशन करायचं म्हणाले तर अडायला नको."

डॉक्टरबाई ऑपरेशनच्या खोलीतून तशाच बाहेर आल्या. डोळ्यात प्रकाश टाकून त्यांनी बराच वेळ बघितलं, मग कागद टेबलावर पसरून तोही बघितला. डोळ्याच्या आतल्या पडद्याला वरच्या बाजूला चीर पडली होती आणि तिथून तो सुटत चालला होता. मधला भाग, ज्याने आपण वाचतो, अजून जागेवर होता.

"परवा आला असतात तर मधल्या भागाची खात्री मी दिली नसती," त्या म्हणाल्या.

दुपारी पडद्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. बाहेरच्या बाकावर जावई दोन तास बसला होता. सासूबाईंच्या चपला आपल्या हातात आहेत हे त्याला कोणीतरी जागा मागितली तेव्हा कळलं.

खरं कठीण पुढेच होतं. पडदा दाबून धरायला डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता, आणि तो योग्य जागी राहावा म्हणून आठवडाभर डाव्या कुशीवरच पडून राहायचं होतं. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "मला पाच मिनिटं एकटीला राहू द्या." तो बाहेर जाऊन उभा राहिला. आत गेला तेव्हा उशी ओली होती. त्याने अभ्रा बदलला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या राहिलेल्या गणवेशांचा गठ्ठा मागवला. "आडवी पडले तरी तोंड चालतं माझं. सुई घ्या." आणि लिफ्टवाल्या जावयाने आयुष्यात पहिल्यांदा पँटच्या खालच्या दुमडीला टाके घातले.

"टाका एवढा ओढू नका. माणसं टांगायची नाहीयेत त्याला."

सकाळी त्या बुडबुड्याची खबर द्यायच्या. डोळ्यात एक आडवी रेघ होती, गवंड्याच्या पाणसळीतल्या पाण्यासारखी डुलणारी, तिच्यावर स्पष्ट आणि खाली धूसर. रोज ती थोडी खाली उतरत होती. तो कामावरून आला की आधी तेच विचारायचा.

महिनाभरात बुडबुडा गेला. नजर परत आली, अगदी जशीच्या तशी नाही. दाराची चौकट उजव्या डोळ्याला किंचित वाकडी दिसे. सासूबाई पुन्हा कात्री चालवू लागल्या, पूर्वीपेक्षा सावकाश, माप दोनदा घेऊन.

लेक परत आली होती. ती म्हणाली, "आई, दुसऱ्या डोळ्याचं राहू दे आता. आहे तेवढं पुरे."

"का? एक लिफ्ट अडकली म्हणून लोक जन्मभर जिने चढतात का?"

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, एवढं तरी आता कळलंय."

ही बाई आपल्या घरची आहे, याचं जावयाला मनोमन फार अप्रूप वाटलं. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यातला दुसरा मंगळवार दिला, आणि त्याने त्याच संध्याकाळी साहेबांकडे पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला.