अस्तरातला पासपोर्ट

खरं तर मी हे कुणाला सांगायचं नव्हतं. माझ्या अस्तरावर शेवटचा टाका घालून इंदिराबाई म्हणाल्या होत्या, "गप्प राहा हं, बाई." पण आता घरभर शोधाशोध चालली आहे आणि मला फार भीती वाटतेय. मी त्यांची निळी प्रवासी बॅग बोलतेय.

मेनरोडवरच्या एका दुकानात मी छताला टांगलेली होते. इंदिराबाईंची मुलगी संपदाताई पुण्याला शिकायला निघाली, तेव्हा त्यांनी माझी चेन पुन्हा पुन्हा ओढून पाहिली आणि मला नाशिक रोडला घरी आणलं. चार वर्षं मी ताईबरोबर एसटीने फिरले. जाताना चिवडा, येताना मळके कपडे. मग ताई लग्न होऊन सिंगापूरला गेली आणि मी कपाटावर. पोटात जुने स्वेटर, डांबरगोळ्या आणि अंधार. माणसं आपल्याला वर ठेवतात आणि मग वर बघतच नाहीत.

गेल्या आठवड्यात मला खाली काढून पुसलं. ताईचं बाळंतपण जवळ आलंय, आईने जायचं ठरलंय. डिंकाचे लाडू, जुन्या सुती साडीची मऊ दुपटी. मी आनंदाने फुगले. तेवढ्यात ताईच्या भावाने, महेशदादाने तिकीट वाचून दाखवलं.

"रात्री साडेअकराला मुंबईहून निघायचं, सकाळी साडेसातला तिथे."

"आठ तास? आणि येताना?"

"संध्याकाळी साडेसातला निघून रात्री साडेदहाला मुंबई."

"म्हणजे तीनच! आपल्या कसारा घाटासारखंच की. तिकडे जाताना चढ असणार."

"आई, विमानाला कसला गं घाट!" दादा हसत हसत निघून गेला.

इंदिराबाई हसल्या नाहीत. आठ तास, अंधारात, समुद्रावर, चढ चढत! दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी माझं अस्तर उसवलं, पासपोर्ट आत सरकवला आणि शिवून टाकलं.

मलाही बरंच वाटलं. विमानात मला त्यांच्याजवळ ठेवणार नाहीत म्हणे. सरकत्या पट्ट्यावरून जायचं आणि तळाशी, अनोळखी बॅगांच्या ढिगात पडायचं. हरवले तर?

आज गाडी दारात उभी आहे. दादा कपाटं उपसतोय. इतक्यात ताईचा फोन आला.

"आई, निघालीस ना? डॉक्टर म्हणतात, उद्याच ॲडमिट व्हा. मला भीती वाटतेय गं."

"कशाची?"

"सगळ्याचीच. तू ये फक्त."

फोन ठेवून इंदिराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "महेश, ते आठ तास..."

"अगं, त्यांची घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहेत. जाताना साडेपाच, येतानाही साडेपाच. चार हजार किलोमीटरच्या आसपास, दोन्हीकडून सारखंच. चढबिढ काही नाही." तो ओशाळला. "त्याच दिवशी सांगायला हवं होतं मी."

साडेपाच! पुण्याला जाताना एसटी तेवढाच वेळ घ्यायची, नारायणगावचा चहा धरून. तो रस्ता मी किती वेळा केलाय.

माझी भीती गेली असं नाही. पण तुमच्या घरात कुणी असं वेडंवाकडं विचारलं, तर हसून निघून जाऊ नका, जरा थांबून उत्तर द्या. आणि कुणीतरी माझ्या मुठीला लाल रिबीन बांधा, म्हणजे तिथे त्या पट्ट्यावरून शंभर बॅगांमधून इंदिराबाईंना मी—

"महेश, ती बॅग इकडे आण. आणि कात्री दे."