पहिल्या चौकटीत भोक पडलेला तक्ता

मित्रांनो, माझ्यासमोर उभे राहिलात तर तुमच्या डाव्या हाताला, अगदी वरच्या कोपऱ्यात मला एक भोक आहे. उंदराने कुरतडलेले नाही आणि कसरीनेही खाल्लेले नाही, हे आधीच सांगतो, कारण लोक लगेच तसे धरून चालतात. ते भोक शिकवून शिकवून पडलेले आहे. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला मूलद्रव्यांचा जुना तक्ता आहे. मोठी माणसे मला आवर्तसारणी म्हणतात. मुले मला 'तो चौकटी चौकटींचा' म्हणतात आणि मला तेही चालते.

माझा जन्म छापखान्यात झाला. जाड कापडावर कागद चिकटवून, वर आणि खाली लाकडी दांडी ठोकून मला तयार केले. दुकानात पाठवण्यापूर्वी एका म्हाताऱ्या तपासनिसाने भिंग लावून माझी एकेक चौकट वाचली. एकशे तीन मूलद्रव्ये, एकशे तीन चौकटी. शेवटची वाचून झाल्यावर तो म्हणाला, "सगळे आपापल्या जागी आहेत." त्या वाक्याने मी जो ताठलो, तो पुढे बरीच वर्षे ताठच राहिलो. पुढे मूलद्रव्ये एकशे अठरा झाली. माझ्या खालच्या कडेला कागदाची पट्टी जोडून उरलेली पंधरा हाताने लिहिली गेली. माझा ताठा तिथे जरा उतरला.

माझ्याकडे प्रत्येकाची जागा ठरलेली असते. अणूच्या पोटात प्रोटॉन किती, यावरून नंबर लागतो. एक असेल तर पहिला, दोन असतील तर दुसरा. वशिला चालत नाही. ज्यांचे स्वभाव जुळतात, ते एकाखाली एक उभ्या रांगेत राहतात. अशी सगळी शिस्त असताना एकटा हायड्रोजन मात्र मला कायम छळत आला. एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन, संपला संसार. इलेक्ट्रॉन एकच, म्हणून त्याला सोडियमच्या रांगेत डोक्यावर बसवला, पण सोडियम धातू आणि हा वायू. वायू म्हणून क्लोरीनच्या रांगेत न्यावा, तर तिथेही त्याचे पूर्ण पटत नाही. धड ना इकडचा, धड ना तिकडचा. पण मूर्ती लहान आणि कीर्ती महान! पाण्यात हा, आम्लात हा, साखरेत हा, तुमच्या अंगात तर जागोजागी हाच. म्हणून दर वर्षी शिकवायला सुरुवात त्याच्यापासून व्हायची.

आणि सुरुवात करायचे ते आमचे सर. उंच, किडकिडीत, हातात वेताची छडी. ती कधी मुलांच्या अंगावर पडली नाही, सगळी माझ्यावर पडली. "हा पहिला," टक. "एकच इलेक्ट्रॉन," टक. "सगळ्यांत हलका," टक. मुले त्यांना टकटक सर म्हणत. सतरा वर्षे त्याच चौकटीवर छडी बसत राहिली आणि एक दिवस ती आरपार गेली. वर्ग हसला. सरही हसले, म्हणाले, "हायड्रोजन उडून गेला रे." मग प्रयोगशाळेतल्या मामांनी पांढऱ्या कापडाचा तुकडा मागून शिवला आणि त्यावर काळ्या शाईने हायड्रोजन पुन्हा लिहिला. मामा म्हणजे काचेची भांडी धुणारे, आम्ल मोजून देणारे, हरवलेले बूच शोधून काढणारे. त्यांच्याशिवाय ती खोली एक दिवस चालली नसती. शिवण मात्र वाकडी झाली, हे मी अजून बोलून दाखवतो.

मित्रांनो, आता जे सांगणार आहे ते मी एकोणीस वर्षे कोणाला सांगितले नव्हते.

त्या वर्षी सर हायड्रोजन तयार करून दाखवत होते. काचेच्या शंकुपात्रात जस्ताचे दाणे, त्यावर पातळ केलेले आम्ल, तोंडाला बूच, बुचातून निघालेली नळी. बुडबुडे फसफसू लागले. या प्रयोगाची एकच खोच आहे. पात्रात आधी हवा असते. ती नळीवाटे निघून जाईपर्यंत थांबायचे. हवा आणि हायड्रोजन एकत्र असताना ज्योत जवळ नेली, की भडका पात्रात शिरतो आणि पात्र फुटते. सर म्हणाले, "मी सांगेन तेव्हाच काडी लावायची." काडीपेटी पुढे उभ्या असलेल्या एका मुलीच्या हातात होती. हुशार, पण भारी उतावीळ. सर माझ्याकडे वळले, छडी उचलली, "हा पहिला" म्हणाले आणि सगळ्या वर्गाच्या नजरा छडीकडे गेल्या. तेवढ्यात मुलीने काडी ओढली आणि नळीच्या तोंडाशी नेली.

मोठा धडाका झाला. मुले मागे पळाली, कोणीतरी माझी खालची दांडी ओढली आणि मी खिळ्यावरून निसटून तोंडावर आपटलो. पुढचे मला फक्त ऐकू आले. काचा पडल्याचा आवाज. कोणाचे तरी रडणे. मामांचे "काही नाही, काही नाही, भुवईच फाटलीय." मग मुख्याध्यापकांचा चढलेला आवाज आणि सरांचा शांत आवाज, "चूक माझी. पाठ मी फिरवली." ती मुलगी काहीच बोलली नाही.

मामांच्या भुवईला तीन टाके पडले. नशीब, डोळा वाचला. पण त्या दिवसापासून शाळेत हायड्रोजन फळ्यावरच तयार होऊ लागला. मला गुंडाळून कपाटावर टाकले. पुढे सरही निवृत्त झाले. झाकली मूठ सव्वा लाखाची असते म्हणतात, पण कपाटावर पडलेल्या तक्त्याला कोणी सव्वा दमडीचाही समजत नाही. धूळ खाल्ली, एकदा गळके छप्पर सोसले आणि मनातल्या मनात एकच गोष्ट घोळवत राहिलो. सर माझ्याकडे पाहत होते म्हणूनच तो घोटाळा झाला. आणि काडी कोणी लावली, हे फक्त मला ठाऊक आहे.

यंदा शाळेत रसायनशास्त्राच्या नव्या बाई आल्या. मामांनी मला खाली काढले, ओल्या फडक्याने पुसले, उलगडले आणि मी समोर पाहतो तर तीच मुलगी! केसांत एखाददुसरा पांढरा, नाकावर चष्मा, पण काडीपेटी धरलेला तो हात मी कसा विसरेन? मामा आता पिकले आहेत. ते म्हणाले, "तुम्ही त्या वर्गातल्या ना, बाई? खिडकीजवळ बसायच्या." बाई नुसत्या "हो" म्हणाल्या आणि त्यांनी मामांच्या दोन तुकडे झालेल्या भुवईकडे पाहायचे टाळले.

बाई छान शिकवत. अणू समजावताना खडूचे टोक मोडून विचारत, "हा तुकडा अजून मोडला तर? आणि अजून?" पण हायड्रोजनपाशी आल्या की गाडी फळ्यावरून खाली उतरेना. "हायड्रोजनजवळ जळती काडी नेली असता फट् असा आवाज होतो, लिहून घ्या." पहिल्या बाकावर एक मुलगी बसते. मामा तिला शंकाबाई म्हणतात. तिने हात वर केला.

"बाई, हा आवाज कोणी ऐकलाय?"

"पुस्तकात दिलाय ना."

"पण तुम्ही ऐकलाय?"

बाईंनी खडू खाली ठेवला. "पुढच्या आठवड्यात करून बघू," त्या म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. दुधाने तोंड भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो. इथे तर बाईंनी ताक प्यायचेच सोडले होते. याआधीच्या दोन शाळांत त्यांनी दर वर्षी काही ना काही कारण काढून हा प्रयोग टाळला होता, हे त्या स्वतःच मामांना सांगून बसल्या.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी त्या मामांकडे आल्या. "मामा, जस्त संपलं असेल ना आपल्याकडे?"

"संपतंय कसलं! अख्खी बरणी भरलीय."

"आम्ल जुनं झालं असेल."

"परवाच नवीन आलंय."

"मग बूच तरी घट्ट बसत नसेल."

"बाई," मामा म्हणाले, "बूच घट्ट आहे, नळी घट्ट आहे. तुम्ही तेवढ्या घट्ट व्हा."

मला मात्र धडकी भरली होती. पुन्हा एखाद्या पोराला काच लागली असती, तर बाईंनी खडूसुद्धा कायमचा खाली ठेवला असता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बेत वेगळा केला. पात्र एका टेबलावर, ज्योत खोलीच्या दुसऱ्या टोकाला. नळीचे तोंड पाण्याच्या पसरट भांड्यात बुडवलेले. पाण्याने भरलेली परीक्षानळी त्यावर उलटी धरायची, वायू पाणी ढकलून वर जमा होतो. मग परीक्षानळीचे तोंड अंगठ्याने दाबून, खालीच ठेवून, दूर ज्योतीपाशी न्यायची. सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे. "हवा मिसळलेली असेल तर मोठ्यानं वाजेल. शुद्ध झाला की शांत जळेल," बाई म्हणाल्या. "तोवर नळीमागून नळी भरत राहायची."

पहिली नळी कुत्र्यासारखी भुंकली. मुले खूश. बाईंनी लगेच पुढची नळी भरायला घेतली. दुसरी शिट्टीसारखी किंचाळली. मुले आणखी खूश. तिसरी भरायला वेळ लागला आणि तेवढ्यात शंकाबाईने पेटती काडी हातात घेतली, पात्राच्या टेबलाकडे चालत आली आणि पात्राची नळी पाण्यातून वर काढायला हात घातला. "बाई, इथंच लावू या ना, लवकर होईल!"

माझ्या सगळ्या चौकटी थिजल्या. पण या वेळी बाईंची पाठ फिरलेली नव्हती. त्यांनी एका पावलात तिचे मनगट धरले आणि फुंकर मारून काडी विझवली. ओरडल्या नाहीत. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असे म्हणाल्या, "हेच मी केलं होतं. याच खोलीत, तुझ्याएवढी असताना. सरांनी थांब म्हटलं होतं, मी थांबले नाही. पात्र फुटलं, मामांची भुवई फाटली, सरांनी दोष स्वतःवर घेतला आणि मी गप्प बसले. मामा, ती काडी मी लावली होती."

मामा हातात फडके घेऊन उभे होते. ते म्हणाले, "एवढंच होय! मला वाटलं, आम्ल सांडलं की काय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"काडीपेटी तुमच्या मुठीत होती. सरांनी ती काढून स्वतःच्या खिशात घातली, मी बघितलं ना. आणि भुवईचं म्हणाल, तर बायको म्हणते तेवढीच काय ती रुबाबदार आहे माझी."

वर्ग खो खो हसला. बाई हसल्या आणि चष्मा काढून त्यांनी डोळेही पुसले. मला तर हसावे की चिडावे असे झाले. एकोणीस वर्षे मी गुपित सांभाळले आणि ते गुपित नव्हतेच! पण खरे सांगतो, इतके हलके मला कधी वाटले नव्हते. शंकाबाई कानकोंडी होऊन बाजूला उभी होती. बाईंनी तिसरी नळी तिच्याच हातात दिली. ती नुसती फट् वाजली. चौथी नळी ज्योतीपाशी नेली तर जेमतेम फुस्स झाले आणि तोंडाशी फिकट उजेड सरकत आत गेला.

"झालं?" शंकाबाईने विचारले.

"झालं," बाई म्हणाल्या. "हा हायड्रोजन."

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्याने शेवटी काहीतरी मागायचे असते. धूळ झटका, ओल्या भिंतीला टांगू नका, छडी जरा हळू मारा, हे तर मागतोच. पण खरे मागणे वेगळे आहे. भीतीपोटी प्रयोग सोडू नका आणि घाईपोटी तो बिघडवू नका. हवा जाईपर्यंत थांबा. आणि हातून चूक झालीच, तर लवकर बोलून मोकळे व्हा, कारण ज्यांना सांगायचे असते ती माणसे म्हातारी होत असतात.

वर्ग सुटल्यावर मामांनी फोन लावून बाईंच्या हातात दिला. सरांना आता कमी ऐकू येते, त्यामुळे ते इतके मोठ्याने बोलतात की मला भिंतीवर बसून ऐकू येत होते. बाईंनी सगळे सांगितले, काडीचेही. सर आधी एवढेच म्हणाले, "किती नळ्या लागल्या?"

"तीन वाजल्या, सर. चौथी शांत जळली."

"मग बरोबर. पाठ मी फिरवली होती, पोरी. मला वाटायचं, माझ्यामुळं एक चांगली मुलगी रसायनाला मुकली."

"नाही मुकले, सर," बाई म्हणाल्या. "मी तेच शिकवते. आपल्याच शाळेत."

"काय? मोठ्यानं बोल. परत सांग."

बाईंनी परत सांगितले, इतक्या मोठ्याने की बाहेर जाणारी मुले दारात थांबली. सरांना पहिल्यांदा ऐकू आले नव्हते, की त्यांना तेच पुन्हा ऐकायचे होते, ते मला काही कळले नाही.