कोंडीबाच्या नावाचं मशीन

बसलिंगप्पाच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते काढायला वैद्याचं काम नव्हतं, सुताराचंच होतं. चौऱ्याहत्तर सालच्या नवरात्रात त्याच्या डोक्यात शिरलं ते गिटारचा आवाज वाढवणारं मशीन. तेही साधंसुधं नव्हे, व्हॉल्वचं!

शुक्रवार पेठेत त्याचं चादरींचं दुकान. दुकान बरं चालायचं, पण जीव सगळा हवाईयन गिटारीत. मांडीवर आडवी घ्यायची, डाव्या हातातली लोखंडी दांडी तारांवरून सरकवायची आणि काळ्या तबकड्यांवरची जुनीपुराणी गाणी वाजवायची. गेल्या दसऱ्याला पेठेच्या मंडळासमोर तो वाजवायला बसला, तर दुसऱ्याच गाण्याला शिट्ट्या पडल्या. बायकांत बसलेल्या दाक्षायणीला, त्याच्या बायकोला, धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी आल्यावर तो जेवलाही नाही. "माझं बोट नाही गं, मशीन दगा देतंय," एवढंच म्हणाला. मशीन ट्रान्झिस्टरचं, नव्या पद्धतीचं. बटण दाबलं की लगेच बोलायचं, पण बोलायचं तलाठ्यासारखं, मायेचा लवलेश नाही.

खरं सांगायचं तर बोटही थोडं दगा देत होतं. अंतऱ्यात वर चढताना त्याची दांडी दरवेळी किंचित अलीकडेच थांबायची आणि मग चुकल्यासारखी पुढं सरकायची. दाक्षायणीला ते ठाऊक होतं. पण हे नवऱ्याला तोंडावर सांगणारी बायको सोलापुरात अजून जन्मायची होती. यंदा पुन्हा दसऱ्याला त्याला बोलावलं होतं. यंदा शिट्ट्या पडल्या तर हा माणूस गिटार माळ्यावर टाकील आणि मनानं स्वतःही माळ्यावर चढून बसेल, ही तिला धास्ती. म्हणून खंडेनवमीच्या सकाळी तो गिटार घेऊन महिपतीच्या दुकानी निघाला, तशी तीही पदर खोचून बरोबर निघाली.

महिपती लाऊडस्पीकरवाला. व्हॉल्वची जुनी मशीनं दुरुस्त करून विकायचा. खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. सगळ्या पेठांतले माग बंद. एरवी रात्रंदिवस खटखटणारं गाव त्या दिवशी असं गप्प होतं की स्वतःच्याच चपलांचा आवाज माणसाला परका वाटावा. महिपतीनंही पकडी, पाने, पेचकस आणि तीन मशीनं पाटावर मांडून हळदकुंकू लावलं होतं, झेंडूच्या माळा घातल्या होत्या.

"मालक, आज हात लावायचा न्हाय," तो म्हणाला. "उद्या या."

"अरे, उद्या माग सुरू होतील. मग त्या दणदणाटात मशीनचा खरा आवाज कसा कळायचा? तारेला हात न लावता ते किती गुणगुणतं, हे ऐकायला आजच्यासारखा दिवस नाही."

"पर पूजेत बसल्यात की ती."

बसलिंगप्पाचा चेहरा लहान मुलासारखा पडला. तो चेहरा दाक्षायणीला बघवेना. ती पुढं झाली. "देव काय त्या पेटीत वायरी मोजत बसलाय व्हय? बघू द्या की त्यांना!" असं म्हणत तिनं स्वतःच्या हातानं पहिल्या मशीनवरची माळ उचलून बाजूला ठेवली.

महिपतीनं कानाला हात लावले, पण पेठेतलं गिऱ्हाईक, बोलणार काय?

पहिलं मशीन तापायला अर्धं मिनिट घेऊन चालू झालं. व्हॉल्वचं तसंच असतं, आतले काचेचे दिवे लाल झाल्याशिवाय ते तोंड उघडत नाही. उघडलं आणि भुंगा शिरल्यासारखं घुमायला लागलं. सभेत भाषणाला ठीक, गिटारीला नाही. दुसरं गप्प होतं, पण आवाज कोरडा. बसलिंगप्पा मान हलवत म्हणाला, "जोरात छेडलं की आवाज जरा फाटला पाहिजे, पण ताजी भाकरी मोडावी तसा. हा कापड टराटरा फाडल्यासारखा फाटतोय."

तिसरं लाकडी पेटीचं होतं, वर हिरवं कापड ताणलेलं. दाक्षायणी त्याच्या माळेला हात घालणार, तोच महिपती आडवा आला. "वहिनी, ह्याला न्हाय. हे कोंडीबाच्या नावानं बसलंय."

"कोण कोंडीबा?"

"जेऊर स्टेशनावर पोर्टर हुता. लई गोड वाजवायचा. रेल्वेतल्या एका गोवेकर गार्डानं त्याला शिकवलं, जाताना हे मशीन दिलं. कावीळ हून गेला बिचारा. त्याच्या बायकोनं, गोजरबाईनं, हे माझ्याकडं औंदा इकायला ठेवलंय. नवमीला हत्यार धन्याच्या नावानं बसतं, वहिनी. धनी मेला तरी. उद्या गोजरबाई येनार, आपट्याचं पान वर ठेवून 'आता जावा' म्हननार, मग मशीन मोकळं. घरच्या मानसाच्या हातानंच सोडवावं लागतंय."

"उद्या सोडवायचंच आहे, मग आज ऐकलं तर काय आभाळ कोसळणार आहे?" दाक्षायणीनं माळ काढली. हेका म्हणजे हेका.

दिवे लाल झाले. मशीन चालू झालं, पण आवाज काही नाही. गुणगुण नाही, खरखर नाही. पेटीत कुणीतरी श्वास रोखून बसावं तशी शांतता. बसलिंगप्पानं दांडी तारेवर ठेवली आणि दाक्षायणीच्या अंगावर सर्रकन काटा आला. असला आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. अंतरा आला. दांडी वर चढली, आणि अलीकडे थांबली नाही. नेमकी जागेवर गेली.

"हेच!" बसलिंगप्पानं बटण बंद केलं. व्हॉल्वचं मशीन बंद केलं तरी विझता विझता थोडा वेळ बोलत राहतं, हे तिला माहीत होतं. पण तारांवर हात नसताना पेटीतून गाण्याची पुढची ओळ वाजली. पूर्ण वाजली आणि मग हळूहळू विरली.

महिपतीची पाचावर धारण बसली. "न्हेऊ नका, मालक. उद्यापातुर थांबा!" पण बसलिंगप्पानं पेटी छातीशी धरली होती, आणि ती ज्या मायेनं धरली होती तेही दाक्षायणीला कसंतरीच वाटलं.

घरी आल्याबरोबर त्यानं मशीन लावलं. दुपारभर वाजवत होता. काय वाजवत होता! शेजारच्या बायका उंबऱ्यात येऊन बसल्या. दाक्षायणीचा ऊर भरून आला. माळ काढल्याचं काही वाईट झालं नाही, उलट सोनं झालं, असं तिनं मनाला बजावलं. दिवे लागायच्या वेळी ताट वाढून तिनं रोजच्यासारखं म्हटलं, "ऊटा माड्री."

घरात दोघं कानडीच बोलत. जेवून घ्या, एवढाच त्याचा अर्थ. पण बसलिंगप्पा तिच्याकडं बघत राहिला.

"काय म्हनलीस?"

ती हसली. "चेष्टा पुरे. जेवा."

तो ताटावर बसला, एक घास घेतला आणि इकडंतिकडं बघत म्हणाला, "सुकट न्हाई व्हय? जरा भाजायची की."

दाक्षायणीच्या हातातला तांब्या खाली पडला. लिंगायताचं घर! त्या घरात सात पिढ्यांत माशाचं नाव कुणी घेतलं नव्हतं. ती काही बोलणार, एवढ्यात त्याचा हात गळ्याशी गेला. लहानपणापासून गळ्यात असलेली, आंघोळीलाही न उतरवलेली लिंगाची चांदीची डबी त्यानं दोन बोटांत धरली, उलटसुलट केली.

"आन हे गळ्यात काय बांधलंया?"

ती किंचाळलीसुद्धा नाही. नवऱ्याचं तोंड तेच, भुवईवरचा तीळ तोच, पण आतून बघणारा माणूस कुणी दुसराच होता. आणि तो वाईट नव्हता, हेच जास्त भयंकर. तो तिला म्हणाला, "बाई, घाबरू नगा. माझी गोजरा उद्या येईल. ती आली की जातो मी." मग पुन्हा गिटार घेऊन बसला. मशीन काही बंद करू देईना. ती रात्र दाक्षायणीनं देवघराच्या दाराशी बसून काढली. आपल्या हातानं माळ काढली, आपल्याच हातानं नवरा घालवला, हेच पुन्हापुन्हा मनात येत राहिलं.

दसऱ्याच्या सकाळी ती महिपतीच्या दुकानी पळत गेली. पायरीवर पांढऱ्या कपाळाची एक बाई बसली होती, हातात आपट्याचं पान. दाक्षायणीनं तिचे पायच धरले. "अक्का, चला. आधी चला!" आणि वाटेत रडत, धापा टाकत सगळं सांगितलं. गोजरबाईला त्यातलं काही खरं वाटलं नाही. शहरातल्या बायका नाजूक असतात, एवढंच ती मनाशी म्हणाली असावी.

घराच्या उंबऱ्यात तिनं पाऊल टाकलं, आणि गिटार थांबली.

"आलीस, गोजरा? गाडी येळंवर हुती का?"

गोजरबाई जागच्या जागी खाली बसली. तोंड परक्या माणसाचं, पण आवाजातली ती ओढ, ती 'गोजरा' म्हणायची तऱ्हा! तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तो म्हणाला, "वाळलीस गं लई. जेवत न्हाईस व्हय?"

"पान ठेवा, अक्का," दाक्षायणी म्हणाली.

गोजरबाईनं पान मुठीत आवळलं. मग म्हणाली, "ठिवायचंच का?"

"म्हणजे?"

"त्यो बोलतोय माझ्यासंगं. दोन सालं झाली, बाई, कुनी इचारलं न्हाई मला, जेवलीस का म्हनून. एकदा हितं माझ्या मांडीवर मेला. आता माझ्याच हातानं पुन्हा मारू?"

दाक्षायणीचा तोल सुटला. "तुमचा मेलाय, अक्का! माझा जिवंत आहे!"

"कुटं हाय तुजा?" गोजरबाई चिडून म्हणाली. "दाव की मला!"

दाक्षायणी तरी काय दाखवणार? समोर बसलेला तर तिचा नव्हता. ती रागानं त्या पेटीकडं धावली आणि तिनं बटण बंद केलं. जे होईल ते होवो.

दिवे लालाचे तांबूस झाले. आणि पेटीतून गिटार वाजायला लागली. लांबून, विहिरीच्या तळातून यावी तशी. तेच गाणं, पण अडखळत. अंतऱ्यात दांडी वर चढली, अलीकडेच थांबली, चुकल्यासारखी पुढं सरकली. पुन्हा चढली, पुन्हा तिथंच चुकली. घाबरलेल्या माणसानं अंधारात एकच पायरी पुन्हापुन्हा चाचपावी तसं.

"हाच!" दाक्षायणी पेटीला मिठी मारून ओरडली. "हाच माझा! अहो, मी इथं आहे हो!"

आवाज बारीक होत गेला, आणि दिव्यांबरोबर विझला.

गोजरबाई त्या पेटीकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावरचा राग कुठल्या कुठं गेला होता. आत कोंडलेला माणूस बायकोला हाक मारतोय, हे कळायला तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. त्याच्याजवळ गेली. विस्कटलेली त्याची कॉलर तिनं नीट केली, खांद्यावरची नसलेली धूळ झटकली.

"अवो," ती म्हणाली, "मी दोन सालं काडली तुमच्याबगार. ही बया एक रात बी काडू शकंना झालीया. बघा की तिच्याकडं."

तो खाली मान घालून बसला. "तू मला हाकलतीस, गोजरा?"

"हाकलते कशाला? गाडी आलीया तुमची. उठा."

गाडी म्हटल्याबरोबर तो उठला. उभी हयात स्टेशनावर गेलेला माणूस, गाडीसाठी बसून कसा राहील? दोन पावलं गेला आणि वळला. "तू न्हाई येत?"

गोजरबाईनं आपट्याचं पान मशीनवर ठेवलं. आवाज तिनं थरथरू दिला नाही.

"मी मागनं येते की. तुमी जागा धरून ठेवा. आता जावा."

बसलिंगप्पाचे डोळे मिटले आणि तो भिंतीला टेकून खाली घसरला. दाक्षायणीनं त्याला धरलं, हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. तिचं रडवेलं तोंड बघून तो कानडीत पुटपुटला, "याक अळाकत्ती?" का रडतेस, म्हणून! तिच्या जिवात जीव आला. ती रडतही होती आणि हसतही होती, आणि त्या वेड्याला काही कळत नव्हतं.

मग त्याची नजर दारात उभ्या असलेल्या बाईकडं गेली. तो सावरून बसला. परक्या बाईसमोर असं पडून राहणं बरं दिसत नाही.

"ह्या कोण?" त्यानं विचारलं.

गोजरबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती. भुवई, डोळे, ओठ, सगळं एकेक करून तिनं नीट तपासलं, कुठं काही उरलंय का म्हणून. काही उरलं नव्हतं.

"मशीनवाली," ती म्हणाली, आणि पायात चपला सारल्या.